फाल्को सोर्सवरून बिल्ड करून पाहिले: अंबडमधील अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. हिशेबाची आणि ऑर्डरची सॉफ्टवेअरे त्यावर डॉकर कंटेनरमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यांत) चालतात. त्यांच्या आत कोण काय करते, यावर मात्र आजवर कोणाचीच नजर नव्हती. त्यासाठी फाल्को निवडले. सिसडिग कंपनीने 2016 मध्ये सुरू केलेला आणि 2018 पासून क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे असलेला हा ओपन सोर्स प्रकल्प कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामांनी त्याच्याकडे केलेल्या मागण्या, पाहत राहतो आणि नियमांत बसणारी संशयास्पद हालचाल दिसताच सूचना देतो.

तयार इमेज (कंटेनरचा साचा) मिळत असताना सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करण्याचा हट्ट निम्मा तरी हौसेचा होता. सीमेक हे बिल्डची तयारी करणारे साधन चालवल्यावर मूळ लायब्ररींचा कोड इंटरनेटवरूनच उतरतो, तेव्हा नेट धड हवे. 4 जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर मी सगळे कोअर जुंपले आणि मेमरी संपून कम्पायलर मध्येच बंद पडला. एका वेळी दोनच जॉब ठेवल्यावर बिल्ड तडीस गेले. त्याहून जास्त वेळ खाल्ला तो इमेजने. ती लहान राहावी म्हणून मी अल्पाइन हे छोटे लिनक्स घेतले, तर बायनरी (बिल्डमधून तयार झालेली फाइल) जागेवर दिसत असूनही कंटेनर ‘फाइल सापडत नाही’ असे सांगून थांबे. ग्लिबसी या सी लायब्ररीवर बांधलेली बायनरी अल्पाइनच्या मसल या वेगळ्या सी लायब्ररीवर चालत नाही, हे ठाऊक असूनही अर्धा दिवस मी पाथच तपासत बसलो होतो. बेस डेबियन या ग्लिबसी वापरणाऱ्या लिनक्सचा घेताच ती चालली.

फाल्कोच्या नव्या ईबीपीएफ प्रोबला (कर्नलच्या आत चालून सिस्टिम कॉल टिपणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) साधारणपणे 5.8 किंवा त्यापुढचा कर्नल आणि बीटीएफ (कर्नलच्या रचनेची माहिती) लागते. आमच्या उबुंटू 22.04 वर दोन्ही होते. कर्नल अपडेट झाला की फाल्कोचे कर्नल मॉड्यूल पुन्हा बांधण्याची कटकट यामुळे उरत नाही आणि माझ्या मते एवढ्या एका सोयीसाठीही हे साधन घ्यावे.

चाचणीसाठी एका कंटेनरमध्ये शेल (कमांड देण्याची जागा) उघडला. लगेच आलेल्या सूचनेत युजर, कमांड, पॅरेंट प्रोसेस असे सगळे होते, फक्त कंटेनरच्या नावाची जागा रिकामी, कारण डॉकरचे सॉकेट (त्याच्याकडून कंटेनरची माहिती मिळण्याची वाट) माउंट करायला मी विसरलो होतो. ते जोडल्यावर दुसऱ्याच सकाळी खरी सूचना आली: हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हिसवाला न कळवता डेटाबेसच्या कंटेनरमध्ये शिरला होता. अपवादाचा नियम लिहून ती सूचना गप्प करणे सोपे होते. मी आधी त्याला फोन लावला.

फाल्को त्याला अडवत नाही, फक्त सांगते. त्यामुळे सूचना वाचणारा माणूस लागतोच, आणि आमच्याकडे तो मीच असल्याने फाल्कोसाइडकिक हे सूचना पुढे पाठवणारे साधन जोडून त्या टेलिग्रामवर घेतो.