टूरमागे फिरताना: कठडा की खुर्ची?

एकच शो बघायचा असेल तर हा पेच फारसा पडत नाही. जमेल तितकं पुढे घुसायचं आणि दुसऱ्या दिवशी पाय वर करून पडून राहायचं. पण जुन्या बँडच्या टूरमधले चार-सहा शो ओळीने धरायचे ठरवले, की प्रत्येक शहराच्या तिकीटविक्रीत तोच प्रश्न येतो. उभ्याचं, म्हणजे जनरल ॲडमिशनचं तिकीट काढून स्टेजसमोरचा कठडा गाठायचा, की बाजूच्या खालच्या स्टँडमधली नंबराची खुर्ची घ्यायची? दोन्ही भरपूर करून झालं आहे. माझा कल पुढे दिसेलच, तो प्रत्येकाला मानवेल असा मात्र आग्रह नाही.

कठड्यावरून जे दिसतं त्याला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. जमिनीला चिकटपट्टीने लावलेला सेटलिस्टचा, म्हणजे त्या रात्रीच्या गाण्यांच्या यादीचा कागद, त्याच्या शेजारी ओळीने गिटारचे पेडल, गाणं संपवायच्या आधी गिटारवाल्याने ड्रमरकडे वळवलेली मान आणि त्याच क्षणी वर गेलेल्या दोन काठ्या. चाळीस-पन्नास वर्षं एकत्र वाजवणारी माणसं एकमेकांना इतक्या थोडक्यात सांगतात, हे पडद्यावर कळत नाही. शिवाय ब्रूस स्प्रिंगस्टीनसारखा अमेरिकन रॉक गायक कित्येक टूरमध्ये पुढच्या गर्दीतले फरमाइशीचे फलक गोळा करून त्यातली गाणी वाजवत आला आहे. तुमचा फलक उचलला जावा असं वाटत असेल, तर तिथेच उभं राहावं लागतं.

आवाज मात्र तिथे सगळ्यात चांगला असतो हा समज सोडून द्या. मुख्य स्पीकरच्या माळा दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेल्या असतात आणि त्यांची दिशा मागच्या गर्दीकडे असते. कठड्यावरच्या माणसाला ऐकू येतं ते स्टेजच्या काठावरच्या छोट्या फ्रंट-फिल स्पीकरमधून, स्टेजवरच्या अँप्समधून आणि थेट झांजांमधून. त्यात सबवूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, स्टेजखाली रचलेले असले, तर बेस छातीत बसतो आणि शब्द हरवतात. गिटारवाल्याच्या बाजूला उभे राहिलात तर त्याचा अँप जास्त, दुसरी गिटार कमी. संतुलित आवाज हवा असेल तर मिक्सिंग कन्सोलच्या आसपास जावं, कारण साउंड इंजिनिअर तिथेच बसून सगळं जुळवत असतो.

कानाचं गणित दोन्हीकडे सारखंच कडक आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या मर्यादेनुसार 85 डेसिबल 8 तास चालतं, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला 15 मिनिटं. शो दोन-अडीच तासांचा, आणि तुम्ही आठवड्यात तीन बघणार. फोमचे बोळे उंच सूर जास्त खातात, म्हणून सगळ्या पट्ट्यांत साधारण सारखाच आवाज कमी करणारे संगीतासाठीचे इअरप्लग घ्या आणि सपोर्ट ॲक्ट, म्हणजे मुख्य बँडआधी वाजवणारे, सुरू व्हायच्या आधी घाला. कान सुन्न होईपर्यंत थांबू नका.

माझ्यापुरता निकाल लागला तो रांगेतल्या हजेरीवर.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कठड्याची रांग बऱ्याच ठिकाणी आयोजकांची नसते, चाहत्यांची असते. सगळ्यात आधी आलेला, कधीकधी आदल्या दिवशीच पोचलेला, एक वही उघडतो. तुम्ही गेलात की नाव लिहिलं जातं आणि हाताच्या पाठीवर जाड मार्करने नंबर पडतो. मग दर काही तासांनी हजेरी. रात्री 11 ला एक, पहाटे 6 ला एक, सकाळी पुन्हा एक. हजेरीला नसलात की नाव कापलं. किती हजेऱ्या चुकल्या तर चालतं, मित्रासाठी जागा धरता येते का, याचे नियम वही धरणारा ठरवतो आणि ते शहरागणिक बदलतात. घामाने नंबर पुसट होतो, तो मिटला तर पुन्हा गिरवून घ्यावा लागतो, आणि तेवढ्यावरूनही वाद होतात.

एवढं करून त्या नंबराला गेटवर किंमत असेलच असं नाही. दुपारी सुरक्षा कर्मचारी लोखंडी जाळ्या लावतात आणि रांग नव्याने सुरू करतात. कधी दुसऱ्या गेटपाशी दुसरी वही निघालेली असते, दोन्ही वह्यांत 1 नंबर असतो आणि दोन्ही माणसं खरं बोलत असतात. गेट उघडल्यावर चार-सहा लेन एकदम चालू होतात. तुमच्या लेनमधला स्कॅनर अडकला किंवा पुढच्या माणसाची बॅग उघडून बघितली गेली, की 12 नंबरचा माणूस तिसऱ्या ओळीत जातो. आणि आत पोचल्यावर दिसतं की महागड्या पॅकेजवाल्यांना, म्हणजे अर्ली एंट्रीवाल्यांना, तुमच्या आधीच सोडलं आहे. कठडा समजा 20 मीटरचा आहे, माणशी अर्धा मीटर धरा, म्हणजे 40 जण. अर्ली एंट्रीची माणसं त्याहून जास्त असली, तर आदल्या रात्रीपासून बसलेल्याला उरतं काय? हे तिकीट घेण्याआधीच बघून घ्यायचं: त्या शोला अर्ली एंट्री विकली आहे का, आणि पिटला, म्हणजे स्टेजलगतच्या उभ्याच्या भागाला, वेगळं तिकीट आहे की सगळं मैदान एकच आहे.

एकाच शोसाठी हेही सोसता येतं. टूरमागे फिरणाऱ्यावर मात्र यात सरळ अन्याय होतो. काल रात्री 11 ला शो संपला. पुढचं शहर तीन-चारशे किलोमीटरवर, आणि तिथली वही तुम्ही काल टाळ्या वाजवत होतात तेव्हाच उघडली आहे. सकाळची गाडी पकडून दुपारी पोचलात की नंबर दीडशेच्या पुढे. म्हणजे कालचा शो पाहिला म्हणूनच आज मागे. त्यावर उपाय दोनच: रात्रभर प्रवास करून पहाटेच्या हजेरीला उभं राहणं, किंवा एक आड एक शो सोडणं. पहिला उपाय तीन शोंनंतर शरीर नाकारतं, आणि दुसरा करायचा तर मग टूर धरली कशाला?

याला सन्माननीय अपवाद आहेत. स्प्रिंगस्टीनच्या अमेरिकेतल्या शोंना पिटसाठी चिठ्ठी काढायची पद्धत रूढ झाली: ठरलेल्या वेळेपर्यंत आलेल्यांना क्रमांकाचे रिस्टबँड मिळतात, मग एक नंबर काढतात आणि रांग त्या नंबरापासून सुरू होते. यूटूने 2005 च्या व्हर्टिगो टूरमध्ये गेटवर तिकीट स्कॅन करतानाच काहींना स्टेजच्या लंबवर्तुळाकार वाटेच्या आतल्या जागेत सोडलं, तेही नशिबावर. आयर्न मेडनच्या फॅन क्लबमध्ये सभासदांसाठी आधी आत सोडण्याची सोडत असते. अशी व्यवस्था असेल तर उभ्याचं तिकीट बिनधास्त घ्या. हरलात तरी दिवस वाया जात नाही.

कठड्यावरच जायचं असेल तर काही गोष्टी पक्क्या करा. तिकीट फोनवर असतं आणि त्याचा बारकोड बऱ्याचदा सतत बदलणारा असतो, त्यामुळे स्क्रीनशॉट चालत नाही. आठ तास रांगेत बसून फोन मेला तर तिकीटही मेलं. आदल्या रात्रीच ते फोनच्या वॉलेटमध्ये टाका. दोघांची तिकिटं एकाच फोनवर असतील तर एकत्रच आत जावं लागतं, म्हणून आधी ट्रान्सफर करून घ्या. चटई, जाकीट, डबा रांगेत हवा असतो पण गेटवर अडतो. अमेरिकेतल्या मोठ्या स्टेडियममध्ये 12 बाय 6 बाय 12 इंचांच्या पारदर्शक पिशवीपलीकडे काही सहसा चालत नाही, आणि टूरवाल्याची तर सगळी बॅगच सोबत असते. ती मुक्कामी किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवूनच रांगेला लागा.

आत गेल्यावर गुडघे ताठ ठेवून उभं राहू नका. रक्त पायांत साचतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस तिसऱ्या गाण्याला कोसळतो. टाचा वर-खाली करत राहा, दुपारी काहीतरी खारट खा. पाणी सकाळपासून थोडं थोडं प्यावं, शेवटच्या दोन तासांत घोट घोटच. कठड्याच्या तळाशी धातूची पट्टी तुमच्या पायाखाली येते. गर्दीच्याच वजनाने कठडा जागेवर राहावा म्हणून ती असते, त्यामुळे दोन्ही पाय तिच्यावर ठेवा. मागून रेटा आला तर हात छातीपुढे आडवे धरून श्वासापुरती जागा राखा, आणि असह्य झालं की हात वर करून पुढच्या सुरक्षारक्षकाला सांगा, तो उचलून घेतो. यात कमीपणा मानू नका. 3 डिसेंबर 1979 ला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत द हू या बँडच्या शोआधी दाराशी चेंगरून 11 जण गेले, 30 जून 2000 ला डेन्मार्कच्या रोस्किल्डे महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना 9. सगळे गाणी ऐकायलाच आले होते.

आता खुर्ची. इथली कटकट वेगळी: पुढचा माणूस. तो उभा राहिला की तुम्हालाही उभं राहावं लागतं, आणि मागचा बसूनच बघणार असेल तर पाठीवर थाप पडते. हे टाळायला जागा निवडताना थोडं डोकं लावावं लागतं. स्टेजची पुढची कड मनात दोन्हीकडे लांबवा. त्या रेषेच्या किंचित पुढचा, खालच्या स्टँडचा ब्लॉक, साधारण 5 ते 15 ओळी. त्याहून खाली गेलात तर येणारे-जाणारे आणि कर्मचारी आड येतात, रेषेच्या मागे गेलात तर स्पीकरची पाठ ऐकू येते आणि बाजूचा पडदा दिसतच नाही. वरच्या मजल्याची पहिली ओळ मोहात पाडते, पण तिथे संरक्षक दांडी बरोबर नजरेच्या रेषेत येते. कडेची खुर्ची मिळाली तर घ्याच. पुढच्याने मान हलवली तरी तुम्हाला वाटेच्या बाजूने स्टेज दिसतं.

अशा चांगल्या खुर्च्या विक्रीच्या पहिल्या दिवशी संपल्यासारख्या दिसतात, पण धीर धरा. स्टेज, कॅमेरे आणि कन्सोलसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. रचना उभी राहून कुठून काय दिसतं ते पक्कं झालं की त्यातल्या काही अधिकृत विक्रीत सोडतात, कधी दोन-तीन दिवस आधी, कधी शोच्याच दुपारी. माझ्या अनुभवात शोच्या दिवशी दुपारी दर अर्ध्या तासाला बघणं हे काळ्याबाजारात पैसे ओतण्यापेक्षा कितीतरी फायद्याचं ठरलं आहे. फक्त एकटी खुर्ची शोधा, जोडीने मिळणं अवघड जातं.

बँड कुठला यावरही पारडं हलतं. पर्ल जॅम, किंवा बऱ्याच टूरमध्ये स्प्रिंगस्टीन, रोज गाणी बदलतात, तिथे नवेपणा सेटलिस्टमधूनच येतो आणि खुर्चीवरून तो पूर्ण मिळतो. एसी/डीसीसारखा बँड जवळपास तीच यादी रोज वाजवतो, तिथे दुसऱ्या शोला जागा बदलली तरच काही नवं दिसतं, म्हणून एखादा शो पुढून बघण्यात अर्थ आहे. मेटालिकाने 2023 मध्ये सुरू केलेल्या एम72 टूरमध्ये स्टेज मैदानाच्या मध्यभागी कड्यासारखं, आतल्या पोकळीतही प्रेक्षक, आणि ड्रमर शोदरम्यान चार ठिकाणच्या ड्रमवर फिरतो. तिथे कठडा धरलात तरी बराच वेळ वादकांच्या पाठीच दिसणार. शिवाय बऱ्याच शहरांत दोन रात्री, गाणी न दोहरवता. माझ्या मते असल्या रचनेत स्टँडमधून बघणाऱ्याला जास्त मिळतं.

आणि जुन्या बँडबाबत वय विसरून चालत नाही. स्प्रिंगस्टीनने पोटाच्या अल्सरमुळे सप्टेंबर 2023 पासूनचे त्या वर्षीचे उरलेले शो पुढे ढकलले. एरोस्मिथची निरोपाची टूर त्याच महिन्यात तीन शोंनंतर गायक स्टीव्हन टायलरच्या गळ्याच्या दुखापतीने थांबली, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये बँडने टूर करणंच थांबवल्याचं जाहीर केलं. शो रद्द झाल्याची बातमी दुपारी आली, तर खुर्चीवाला ती मुक्कामावर ऐकतो, कठडेवाला पहाटेपासून फुटपाथवर बसलेला असताना. दुःख दोघांना सारखंच, थकवा नाही. तिकिटाचे पैसे परत मिळतात, प्रवासाचे नाहीत, म्हणून शक्य असेल तिथे रद्द करता येणारं बुकिंगच करा.

सहा शोंचा बेत असेल तर माझी वाटणी अशी राहील. पहिले पाच खुर्चीवरून, शक्यतो आलटून पालटून डाव्या आणि उजव्या बाजूला, म्हणजे दोन्ही गिटारवाल्यांचे हात नीट बघून होतात. उभ्याचं तिकीट शेवटच्या शहराचं. तिथे आदल्या दिवशी शो नसेल अशी तारीख निवडा, त्या रात्री पूर्ण झोपा आणि मग पहाटेच्या हजेरीला जा. दुसऱ्या दिवशीची परतीची गाडी दुपारनंतरची घ्या.