‘व्हिसा आलाय, खुशाल जाऊन या’

ऑस्ट्रेलियात राहून पार्टनर व्हिसाचा (सबक्लास ८२०) अर्ज केलेल्यांना एजंटचं हे वाक्य फार महागात पडतं. या अर्जाबरोबरच ब्रिजिंग व्हिसा ए (०१०), म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता व्हिसा, मिळतो, त्याची वेगळी फी नसते. एजंट त्याचंच पत्र ‘प्रवासाची परवानगी’ म्हणून दाखवतो, वर पैसेही घेतो. पत्र अस्सल असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ०१० वर फक्त देशात राहता येतं. तो लागू असताना बाहेर पडलात की तो संपला.

जाताना सिडनी-मेलबर्नला कुणी अडवत नाही. अडकायला होतं मुंबईच्या चेक-इन काउंटरवर, परतताना. व्हिसा दिसत नाही म्हणून एअरलाइन बोर्डिंग पास देत नाही. प्रवासासाठी लागतो तो ब्रिजिंग बी (०२०), आणि त्याचा अर्ज बाहेरून करता येत नाही. मग व्हिजिटर व्हिसासाठी धावपळ. नऊ हजारांहून जास्त डॉलर भरलेला ८२० चा अर्ज लगेच बाद होत नाही, पण तो मंजूर होताना माणूस ऑस्ट्रेलियातच असावा लागतो.

याहून निर्ढावलेले एजंट ०२० ची फी घेतात, अर्ज करतच नाहीत आणि जुन्या पीडीएफमध्ये आकडा बदलून पाठवतात. त्यामुळे पत्रावर विसंबू नका. वेवो ही व्हिसाची सरकारी ऑनलाइन तपासणी फुकट आहे. पासपोर्ट आणि ग्रँट (मंजुरी) नंबर टाकून स्वतः बघा. तिथे ०२० दिसलं पाहिजे आणि परत येण्याची शेवटची तारीखही. त्या तारखेच्या आत ऑस्ट्रेलियात उतरायचं असतं. त्या रात्री मुंबईहून निघून चालत नाही.

०२० चा अर्ज प्रवासाच्या तीन महिने ते दोन आठवडे आधी करावा. कारणाचा पुरावा जोडा: लग्नपत्रिका, हॉस्पिटलचं पत्र. मंजुरी हातात येण्याआधी निघू नका, ‘मागाहून होईल’ हे तर साफ खोटं. स्टुडंट व्हिसा अजून चालू असेल आणि त्यावर परत येता येत असेल तर गोष्ट वेगळी; तरी परतल्यावर ब्रिजिंग शाबूत आहे का ते वेवोवर पाहाच.

अर्ज एजंटच्या इमीअकाउंटमध्ये (व्हिसा अर्जांचं सरकारी ऑनलाइन खातं) असला तरी रेफरन्स नंबर घेऊन तो स्वतःच्या खात्यात इम्पोर्ट करता येतो. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा. ‘आपला माणूस’ म्हणून मंडळात कुणी ओळख करून दिली, तरी त्याचा सात आकडी मार्न (एजंटचा नोंदणी) नंबर ओमारा या एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या यादीत शोधा. (वकिलांना २०२१ पासून ही नोंदणी लागत नाही, त्यांचं प्रॅक्टिस सर्टिफिकेट बघा.) नोंदणीकृत एजंटची तक्रार ओमाराकडे होते. नोंदणी नसताना पैसे घेऊन सल्ला देणं हा गुन्हाच, दहा वर्षांपर्यंत कैदेचा. ती माहिती बॉर्डर वॉच या सरकारी तक्रार सेवेला कळवता येते, नाव न देताही.