न्यू पॅलेस ब्रिक्समध्ये बांधायचाय? ओरिजिनल डबे, सुटे पार्ट की कंपॅटिबल

ज्यांना डब्यावरचं चित्र बघून लेगोचा सेट लावायचाय त्यांनी सरळ दुकानात जावं, आवडेल तो डबा उचलावा, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही. डोक्यातलं स्वतःचं मॉडेल बांधायचंय अशांसाठी हे लिहितोय. हौशी लोक त्याला एमओसी म्हणतात, माय ओन क्रिएशन. आणि कोल्हापुरातल्या माणसाच्या डोक्यात काय असणार, न्यू पॅलेस, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस, नाहीतर खासबागचं कुस्ती मैदान. यातलं काहीच डब्यात मिळत नाही. ताजमहालाचा सेट लेगोने २००८ मध्ये काढला, २०१७ मध्ये परत काढला, ५९२३ पीसचा, पण आपला न्यू पॅलेस कोण काढणार, तो आपणच बांधायचा. मग पार्ट कुठनं आणायचे? रस्ते तीन आहेत: ओरिजिनल म्हणजे लेगोचे डबे घेऊन फोडायचे, बाहेरनं सुटे ओरिजिनल पार्ट मागवायचे, किंवा कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या पण त्याच मापाच्या ब्रिक्स घ्यायच्या.

सगळे पहिल्यांदा किंमत विचारतात. मी म्हणतो किंमत नंतर बघू, आधी हे ठरवा की मॉडेल बांधून शोकेसमध्ये ठेवणार की मोडून त्यातनं पुढचं बांधणार. ठेवणार असाल तर कंपॅटिबल घ्या आणि निवांत राहा. मोडणार असाल, वर्षानुवर्षं तेच पार्ट फिरवणार असाल, तर ओरिजिनलला पर्याय नाही, कितीही महाग वाटू दे.

पण एक रुपया खर्च करायच्या आधी कॉम्प्युटरवर बांधून बघा. ब्रिकलिंक या सुट्या पार्टच्या ऑनलाइन बाजाराचं स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर आहे, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं, फुकट आहे, आणि ते नुसतं चित्र काढायचं खेळणं नाही. तुम्ही वापरलेला पार्ट त्या रंगात कंपनीने कधी काढलाच नसेल तर ते सांगतं, कुठला भाग नुसता हवेत लटकतोय ते दाखवतं, शेवटी पार्टची यादी काढून देतं आणि स्टेप-बाय-स्टेप सूचनांचं पुस्तकही बनवून देतं. काहींचं तर तिथंच समाधान होतंय, रेंडर, म्हणजे मॉडेलचा फोटोसारखा दिसणारा चित्र-फोटो, काढून ग्रुपवर टाकला, लोकांनी "नाद खुळा" म्हटलं, झालं. तेही चालतंय की. हातात ब्रिक आल्याशिवाय मजा नाही असं माझं मत, पण पगाराच्या शेवटच्या आठवड्यात स्क्रीनवरचा पॅलेसपण पॅलेसच असतो.

आता डब्यांचं गणित बघा म्हणजे कळेल अडचण कुठं आहे. ३२ बाय ३२ स्टडची (स्टड म्हणजे ब्रिकवरचं गोल टेंगूळ) बेसप्लेट, म्हणजे खालची सपाट पाटी, घेतली तर एक स्टड ८ मिलिमीटर, म्हणजे बाजू झाली २५.६ सेंटिमीटर, साधारण फूटपट्टीपेक्षा थोडी कमी. तिच्या कडेने एक स्टड जाडीची भिंत फिरवली तर एका थराला १२४ स्टड लागतात, म्हणजे १ बाय ४ चे ३१ ब्रिक. दहा थर चढवले की ३१०, आणि उंची किती झाली, ९.६ मिलिमीटरच्या हिशोबाने साडेनऊ सेंटिमीटर फक्त. ही नुसती चार भिंतींची कथा, छप्पर, कमानी, मनोरा सगळं बाकी. आणि न्यू पॅलेस काळ्या दगडाचा आहे, म्हणजे हे ३१० ब्रिक काळे किंवा गडद राखाडीच पाहिजेत. आता लेगोचा क्लासिकचा मोठा डबा घ्या, १०६९८ नंबरचा, त्यात ७९० पीस आहेत आणि रंग ३३. भागाकार करा, एका रंगाला सरासरी २४ सुद्धा येत नाहीत, आणि त्यातही चाकं, डोळे, खिडक्या. लहान मुलासाठी याच्यासारखा डबा नाही हे मी शंभरदा सांगीन, पण त्यातनं पॅलेस बांधायला निघालात तर पोपटी-गुलाबी पॅलेस होईल. डबे फोडायचेच असतील तर राखाडीने भरलेले बघा, किल्ल्याचे किंवा स्टार वॉर्सच्या यानांचे सेट, त्यात आपल्या कामाचा माल बराच निघतो. तरीपण महागच.

मग ओरिजिनलचे लोक इतके पैसे का मोजतात? तर एका ब्रिकची दुसऱ्याशी बसणी. आजची ब्रिक, वर स्टड आणि आत नळ्या असलेली, तिचं पेटंट २८ जानेवारी १९५८ ला दाखल झालं, आणि तेव्हाची ब्रिक आजच्या ब्रिकवर बसते. १९६३ पासून प्लॅस्टिक एबीएस आहे. मोल्ड मिलिमीटरच्या हजारातल्या काही भागांपर्यंत, म्हणजे मायक्रॉनमध्ये अचूक ठेवतात. आता उद्यमनगरातल्या कारखान्यातल्या माणसाला मायक्रॉन म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही, बोअरमध्ये एक-दोन शतांश इकडेतिकडे झालं की जॉब परत येतो हे तिथल्या पोराला पण माहितीये. ब्रिकचं तसंच. एका ब्रिकमध्ये ०.०५ मिलिमीटर जास्त असेल तर हाताला काही कळत नाही, पण आठ ब्रिक ओळीने लावल्या की ०.४ झाले, आणि समोरच्या बाजूची ओळ दुसऱ्या लॉटची असली की वरची लांब प्लेट (पातळ ब्रिक) एका टोकाला बसते आणि दुसऱ्या टोकाला उचकटते. तुम्ही अंगठ्याने दाबता, ती टक्कन बसते, हात काढला की हळूहळू परत वर येते. कंपॅटिबलवाल्यांना हा आवाज पाठ असतो.

सुट्या ओरिजिनल पार्टचा रस्ता ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ब्रिकलिंक २००० मध्ये सुरू झालेला बाजार, २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतला, जगभरचे विक्रेते तिथं एकेक पार्ट मोजून विकतात. पाहिजे तेवढेच, पाहिजे त्या रंगात. ३१० काळे १ बाय ४? घ्या. पण कोल्हापुरात बसून हे करताना तीन भानगडी आहेत. एक, सगळे पार्ट एका विक्रेत्याकडे मिळत नाहीत, कमानी जर्मनीत, उताराच्या ब्रिक पोलंडला, आणि प्रत्येकाचं कुरियर वेगळं. दोन, कस्टम ड्युटी. खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे मागवायच्या आधी सध्याचा दर बघूनच कार्ट भरा. म्हणून बरेच जण पार्सल दुबईच्या नाहीतर अमेरिकेच्या पाहुण्याच्या पत्त्यावर मागवतात आणि मग दिवाळीला तो येतो का नाही याची वाट बघत बसतात, त्याच्या बायकोला त्या पिशवीचा राग येतो तो भाग वेगळा.

तिसरी भानगड रंगाची, आणि ही कोणी सांगत नाही. लेगोने २००४ च्या सुमाराला राखाडी रंग बदलले, जुना राखाडी थोडा पिवळसर झाक मारतो, नवा निळसर. यादीत दोन्ही वेगवेगळ्या नावाने असतात आणि फोटोत सारखेच दिसतात. वापरलेल्या पार्टचा लॉट घेतला की दोन्ही मिसळून येतात, आणि भिंतीवर उन्हाच्या कवडशात ठिगळ दिसायला लागतं. पन्हाळ्याच्या बुरुजासाठी ते ठिगळ मला आवडतं, दगड खरे वाटतात. न्यू पॅलेससाठी नाही चालणार. तपकिरीबद्दल अजून एक: लेगोचे लालसर तपकिरी पार्ट, विशेषतः थोडे जुने, काढताना कडक् करून तुटायची फार सवय. खासबागचा हौदा करायचाय आणि लाल माती दाखवायचीय तर गडद केशरी घ्या, रंगही मातीच्या जवळचा येतो.

कंपॅटिबल म्हटलं की नाक मुरडणारे भरपूर. पण एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कंपॅटिबल ब्रिक आणि कॉपी सेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिकचं पेटंट कधीच संपलंय, त्या मापाची ब्रिक कोणीही बनवू शकतो, त्यात चोरी नाही. चोरी म्हणजे लेगोचा पूर्ण सेट, डब्यासकट, माणसांसकट छापणं. लेपिन या चिनी ब्रँडवाल्यांनी तेच केलं, आणि २०२० मध्ये शांघायच्या कोर्टाने नऊ जणांना शिक्षा दिली. त्यांनी हौशी लोकांची मॉडेल्सपण न विचारता विकली होती, मला त्याचा जास्त राग आहे. कोणाचं डिझाइन आवडलं तर रीब्रिकेबल या साइटवर त्याची सूचनांची फाइल मिळते, बऱ्याच फुकट असतात, काहींना पैसे पडतात, ते द्या. दुसऱ्याने रात्री जागून केलेलं असतंय.

तर स्वच्छ कंपॅटिबल ब्रिक, म्हणजे स्वतःच्या नावाने विकणारे. चीनमधली गोब्रिक्ससारखी कंपनी तर मुख्यतः एमओसीवाल्यांसाठीच सुटे पार्ट बनवते. किंमत ओरिजिनलच्या निम्म्याहून बऱ्याचदा कमी. इकडे बाजारात मिळणाऱ्या डब्यावर आयएसआय मार्क बघाच, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे, आणि घरात छोटं पोरगं असेल तर ह्यात तडजोड नको. दर्जा मात्र डब्याडब्याला बदलतो. म्हणून महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत दुकानदार उघडून दाखवत असेल तर हे करा: २ बाय ४ च्या दहा-दहा ब्रिकचे दोन मनोरे करा, शेजारी उभे करा आणि वरनं नख फिरवा. नख अडलं तर उंची सारखी नाही. मग एक मनोरा वरच्या ब्रिकला धरून उचला आणि हलकेच हलवा, खालचं गळून पडलं तर ठेवून द्या. आणि तिसरं, दोन ब्रिक जोडून नखाने सोडवून बघा, दात लावायची वेळ आली तर तेही वाईटच, तसली ब्रिक दहा वेळा काढघाल केली की ढिली पडते. दुकानदार वैतागेल. वैतागू दे, तुम्ही दोनशे रुपयाची गाडी घेत नाही आहात.

आता माझं खरं मत. शुद्धतावादी मंडळी एकही परका ब्रिक घरात येऊ देत नाहीत, त्यांना नमस्कार. मी म्हणतो मोठ्या मॉडेलला आतला सांगाडा कंपॅटिबलचा करा, जो बाहेरनं दिसतच नाही, आणि दर्शनी भिंत एकाच कंपनीच्या एकाच लॉटची ठेवा. फक्त एका थरात मिसळू नका, खालून वर मिसळलं तर निभावतं, आडवं मिसळलं की तो वर सांगितलेला टक्कन आवाज.

मॉडेल कुठलं निवडता यावरही अवलंबून आहे. तीन दरवाजा पहिल्या मॉडेलला सगळ्यात सोपा, सरळ भिंती, कमानी, कोरीव काम सुचवायला थोड्या जाळीच्या ब्रिक. लेगोचा माणूस ४ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे साधारण १ ला ४२ चं प्रमाण, तर समजा ५ मीटरची कमान असेल तर ती १२ सेंटिमीटर होईल, साडेबारा ब्रिक. करण्यासारखं आहे. न्यू पॅलेस त्याच मापात करायला गेलात तर आधी खोली रिकामी करा. तो मायक्रोस्केललाच, म्हणजे लेगोच्या माणसाच्या मापापेक्षा खूप लहान प्रमाणात, करावा, तिथं एक बाय एकची गोल ब्रिक म्हणजे खांब. आणि त्यातले अष्टकोनी भाग बिजागरीच्या प्लेटने करावे लागतात, ४५ अंशाला स्टड जुळत नाहीत, पण पाच-पाच स्टडचा काटकोन घेतला तर कर्ण ७.०७ येतो, सातला इतका जवळ की बसून जातो. ओरिजिनल ब्रिकमध्ये बसून जातो. कंपॅटिबलमध्ये हा शून्य दशांश शून्य सातचा ताण आधीच्या चुकांवर चढतो, म्हणून असल्या तिरक्या कामाला मी ओरिजिनलच वापरतो.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बऱ्याच जणांच्या मनात असतंय, स्वर्गमंडपाचे ४८ खांब आणि वरचं गोल उघडं आभाळ, मायक्रोस्केलला अप्रतिम होतं. फक्त ते लेगो आयडियाजवर, म्हणजे हौशी लोकांची डिझाइन सेट म्हणून काढायला घेणाऱ्या लेगोच्या साइटवर, पाठवायच्या स्वप्नाने बांधू नका. तिथं १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी विचार करते, निवडलं तर निव्वळ विक्रीच्या १ टक्का डिझायनरला मिळतो, पण धार्मिक इमारती आणि चिन्हं नियमातच बसत नाहीत. अंबाबाईचं देऊळही त्यात आलं. न्यू पॅलेस चालेल, पार्ट ५००० च्या आत ठेवा. आणि तिकडे जायचं तर परकी ब्रिक नकोच, स्टुडिओमध्ये बांधलेलं डिजिटल मॉडेल पाठवलं तरी चालतं, म्हणजे तो रस्ता उलट सगळ्यात स्वस्त.

दिवाळीच्या किल्ल्यासाठी ब्रिक विचारणारे पालक दरवर्षी भेटतात. नका करू. माती, पोती, दगड आणि अळीव याच्यापुढे कुठला ब्रिक, शिवाय अंगणातली बारीक खडी एकदा नळ्यांत गेली की स्टड ओरबाडले जातात आणि ती ब्रिक कामातनं गेली. धुवायची वेळ आलीच तर कोमट पाणी, ४० डिग्रीच्या वर नाही, आणि वाळवायला सावली. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या ब्रिक पिवळ्या पडतात, शालिनी पॅलेसचा संगमरवर करायला घेतलेल्यांनी शोकेसही खिडकीपासून लांब ठेवावी.

पहिल्या ऑर्डरला यादीच विचारत असाल तर: गडद राखाडीत १ बाय ४ आणि २ बाय ४ भरपूर, त्याच रंगात २ बाय ८ च्या प्लेट, थोड्या १ बाय २ जंपर म्हणजे अर्धा स्टड सरकता येतं, आणि स्टड बाजूला असलेल्या ब्रिक वीस-पंचवीस. कमानी नंतर घ्या, त्या महाग पडतात आणि स्टुडिओत डिझाइन पक्कं होईपर्यंत त्यांची मापं तीनदा बदलतात.