गोळी तीच, दवाखाने दोन: मुलाच्या एडीएचडीच्या औषधाचे चौदा महिने

एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं आणि अतिचंचलता. त्यावरचं औषध मिथाइलफेनिडेट, सकाळी एकदा घ्यायचं आणि दिवसभर हळूहळू अंगात उतरणारं. घेणारा माझा मुलगा, सुरुवातीला वय नऊ. लिहिणारी मी, त्याची आई. चौदा महिन्यांपैकी पहिले तीन एका दवाखान्यात गेले आणि पुढचे अकरा दुसऱ्यात. गोळी बदलली नाही, तरी हे दोन अनुभव इतके वेगळे आहेत की गोळीबद्दल लिहायचं तर दवाखान्यांबद्दलही लिहावंच लागेल.

पहिल्या दवाखान्यात आम्ही अकरा मिनिटं आत होतो. बाहेर आल्यावर मुलानेच सांगितलं, तो भिंतीवरचं घड्याळ बघत बसला होता. शाळेची तक्रार ऐकून झाली, त्याला दोन प्रश्न विचारले गेले आणि चिठ्ठी हातात आली: एक आठवडा १८ मिलिग्रॅम, मग ३६, दोन महिन्यांनी दाखवायला या. वजन घेतलं नाही, उंची मोजली नाही, रक्तदाब तपासला नाही. मलाही तेव्हा हे विचारायचं सुचलं नाही. निदान मिळालं याचाच एवढा दिलासा होता.

आणि गोळी लागू पडली, हे आधी सांगते. चौथ्या दिवशी त्याने निबंधाचं अख्खं पान एका बैठकीत लिहिलं. त्याआधी दोन ओळी झाल्या की पेन्सिलीला टोक, मग खिडकी, मग खुर्चीखाली काय पडलंय ते, आणि शेवटी मी ओरडणार, तो रडणार. त्या दिवशी तो चाळीस मिनिटं जागचा उठला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांना हे अति वाटेल, पण आमच्या घरातलं रोजचं भांडण एका आठवड्यात निम्म्यावर आलं.

मग डोस ३६ झाला आणि घर गप्प झालं. मोजे घालताना गुणगुणायची त्याची सवय आहे, सूर धड नसतो आणि शब्द त्याचेच असतात. ते थांबलं. मला ते थांबल्याचं कळायलाही दहा-बारा दिवस लागले. एकदा मी विचारलं, वर्गात कसं वाटतं, तर म्हणाला, "आई, गमती सुचतात, पण सांगाव्याशा वाटत नाहीत." दवाखान्यात फोन केला तर उत्तर आलं, "शांत झालाय ना? मग चांगलंच आहे." डबा जसाच्या तसा परत यायला लागला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, औषधाचा जोर ओसरला की, कारण नसताना रडारड. घरच्या काट्यावर तीन महिन्यांत वजन २७.४ वरून २५.६ किलोवर आलं. ठरलेल्या तारखेला दाखवायला गेलो तेव्हा पुढची चिठ्ठीही तीच, ३६ ची.

एके दिवशी त्याच्या शौचात गोळी जशीच्या तशी दिसली. मला धडकी भरली. मुलाला पचतच नाही, मग हे सगळं कसलं चाललंय, असं वाटलं. त्याच आठवड्यात दवाखाना बदलायचं ठरवलं.

दुसऱ्या ठिकाणी पहिली भेट सव्वा तासाची झाली आणि त्या दिवशी नवी चिठ्ठी मिळालीच नाही. बूट काढून उंची, वजन, नाडी, रक्तदाब. घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का, कुणी तरुणपणी अचानक गेलंय का. झोप किती, अंग किंवा चेहरा आपोआप झटके दिल्यासारखा हलतो का. दोन शिक्षकांनी भरायचे कागद दिले. मग मला बाहेर बसवून डॉक्टर वीस मिनिटं एकट्या मुलाशी बोलल्या. मी आत गेले तेव्हा टेबलावर गोळीचं चित्र काढलेलं होतं. वरच्या थरातलं औषध लगेच सुटतं, उरलेलं आत असतं. कवचातून पाणी आत शिरतं, एक थर फुगतो आणि लेसरने पाडलेल्या बारीक भोकातून औषध तासातासाने बाहेर ढकलतो. कवच विरघळत नाही, तेच शौचातून पडतं. माझी धडकी या एका चित्राने गेली. औषधाच्या कागदावरही हे लिहिलेलं होतं, पण पहिल्या ठिकाणी तोंडाने सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

शिक्षकांचे कागद आल्यावर डोस २७ वर आणला. मूल मंद, कोरं दिसायला लागणं हे बहुतेक वेळा डोस जास्त झाल्याचं लक्षण असतं, डॉक्टर म्हणाल्या, त्याला सुधारणा समजायचं नाही. गोळीच्या आधी पोटभर खाऊ घालायचं, दुपारच्या डब्याचा आग्रह सोडायचा आणि रात्री भूक परत आली की हवं तेवढं जेवू द्यायचं. नवव्या दिवशी सकाळी आतल्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. मी हातातलं काम टाकून दाराशी उभी राहिले.

वाचायची सवय आहे म्हणून नंतर बरंच वाचलं. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं होती, आणि उपचारांचा काळ आमच्याइतकाच, चौदा महिने. एका गटाला काळजीपूर्वक डोस बसवून दर महिन्याला तपासत औषध दिलं, एकाला वर्तनाचे उपचार, एकाला दोन्ही, आणि एक गट आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेला. या शेवटच्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होतं. तरीही दर महिन्याला तपासलेली मुलं त्यांच्यापेक्षा बरीच पुढे गेली. हे वाचून माझे पहिले तीन महिने डोळ्यांसमोर आले. त्याच मुलांकडे तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला फरक पुसट झाला होता, आणि सतत औषध घेणाऱ्यांची उंची सुमारे दोन सेंटीमीटर कमी वाढली होती. म्हणून आमच्या फाईलमध्ये उंचीचा आलेख दर भेटीला पुढे सरकतो.

माझ्या आईने सुरुवातीला विचारलं होतं, "अगं, एवढ्याशा पोराला वेडाची गोळी देतेस? गुंगीत ठेवायचं का त्याला?" आईवर मी रागावले नाही, माझ्याही मनात तेच होतं. पण ही गुंगीची गोळी नाही, उत्तेजक आहे. मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही निरोप पोचवणारी रसायनं परत शोषली जाण्याचं प्रमाण ती कमी करते, त्यामुळे लक्ष धरून ठेवणं आणि स्वतःला आवरणं सोपं जातं. अशा औषधांचा हा गुण १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांच्या ध्यानात आला. त्यांनी आपल्याकडच्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं, तर त्यातल्या १४ जणांचा अभ्यास लक्षात येण्याइतका सुधारला. मुलं त्या औषधाला गणिताच्या गोळ्या म्हणायची. माझ्या मुलाला ही गोष्ट फार आवडली.

प्रतीक्षागृहात एका आईशी ओळख झाली. तिची पंधरा वर्षांची मुलगी नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन घेते. औषध वेगळं, पण प्रश्न तोच: गोळी दिल्यावर दवाखाना लक्ष किती ठेवतो. २००४ पासून अमेरिकेत या प्रकारच्या औषधांवर ठळक इशारा असतो: मुलांवरच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के दिसलं. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. तरी सुरुवातीच्या आठवड्यांत मुलीवर बारीक लक्ष हवंच. तिला पहिला महिनाभर दर आठवड्याला बोलावत होते, मधे फोनही करत होते. "अकरा मिनिटांच्या दवाखान्यात मी ही गोळी तिला दिलीच नसती," ती म्हणाली, आणि मला तिचं पटलं.

आता उणिवा. गोळी चावायचीही नाही, फोडायचीही नाही, अख्खी गिळावी लागते, आम्हाला त्याच्या सरावात आठवडा गेला. सकाळी विसरली तर दुपारी देता येत नाही, रात्री झोप उडते. बहुतेक ठिकाणी हे नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, त्यामुळे संपायच्या आधीच हालचाल करावी लागते. दुपारची भूक अजूनही कमीच आहे. आणि दप्तर भरणं, मित्राशी भांडण मिटवणं, राहून गेलेलं शुद्धलेखन, यातलं काही गोळी शिकवत नाही. त्यासाठी आम्हा दोघा पालकांना आठ बैठका शिकायला जावं लागलं. एका वेळी एकच सूचना द्यायची, हे मला तिथे कळलं. हे नऊ वर्षं आधी कळलं असतं तर किती बरं झालं असतं.

गोळीला पाचपैकी चार. पहिल्या दवाखान्याला एक, तोही निदान बरोबर होतं म्हणून. दुसऱ्याला पाच.

गेल्या महिन्यात सुट्टीत डॉक्टरांनी गोळी आठवडाभर बंद ठेवायला सांगितली, अजून लागते का हे पाहायला. ते दिवस गोंगाटाचे होते. सहाव्या दिवशी तो स्वतःहून माझ्याजवळ आला. "आई, शाळा सुरू झाली की गोळी परत घेऊ. पण रविवारी मला चित्रं काढायची असतात, तेव्हा नको. चालेल का, डॉक्टरांना विचार." मी म्हटलं, तूच विचार. त्याने विचारलं. डॉक्टरांनी ते वाक्य त्याच्याच शब्दांत फाईलमध्ये लिहून घेतलं, रविवारचं करून बघू म्हणाल्या, आणि त्याला बूट काढून भिंतीशी उभं राहायला सांगितलं.