विमानतळांमधलं अंतर सांगणारी वेबसाईट: अंतर पक्कं, वेळ मात्र जपून

सोलापूरच्या नवी पेठेत माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक वंदे भारत घेऊ की सिद्धेश्वर, एवढंच विचारायचं. जून २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. तेव्हापासून काउंटरवर दुसराच प्रश्न: "मालक, इमानानं किती वेळ लागतंय?" त्यामुळे ही फुकटातली वेबसाईट माझ्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघडीच असते.

अंतराला तोड नाही. सोलापूर–मुंबई टाकलं की ३६० किलोमीटरच्या आसपास येतं. रेल्वेनं हेच ४५५. साहजिक आहे, गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत बोरघाट उतरते. हे मात्र पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ मोजलेलं. किलोमीटर, मैल, नॉटिकल मैल, तिन्ही मिळतात. नॉटिकल मैलाचं आमच्या धंद्यात काही काम नाही.

विमानतळ मात्र नीट बघून निवडा. गोव्यात विमानतळ दोन, दाबोळी आणि मोपा. नुसतं 'गोवा' टाकलं तर ही दाबोळी धरते आणि ३३५ किलोमीटर दाखवते. आपलं विमान उतरतं मोपाला, ते ३०५ च्या आसपास. तीस किलोमीटरचा फरक हवेत काहीच नाही, पण हॉटेल दाबोळीजवळ वास्कोकडं घेतलेल्याला टॅक्सीवाला तो नीट समजावून सांगतो.

आता वेळेचं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात हिशेब दिलाय: ताशी ८०० किलोमीटर वेग, वर चढ-उतारासाठी अर्धा तास. हा वेग जेटचा. गोव्याला जातं ते एटीआर, पंख्याचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास. म्हणजे वेबसाईटच्या ५३ मिनिटांत आणखी बारा-पंधरा मिनिटं धरायची. वाऱ्याचा तर हिशेबच नाही. मुंबई–लंडन जाताना समोरून वारा, येताना पाठीमागून, पण इथं दोन्हीकडं एकच आकडा.

सगळ्यात डोकेदुखी वेगळीच. विमान असो वा नसो, ही वेळ सांगून मोकळी होते! अशोक चौकातले एक टॉवेल कारखानदार अण्णा मोबाईल नाचवत आले. सोलापूर–तिरुपती, ५८७ किलोमीटर, सव्वा तास.

"हितं सव्वा तास लिवलंय की! अन् तुम्ही मला रेल्वेत बसवायलाय."

"अण्णा, ते अंतर भागिले वेग हाय. थेट इमान कुठं हाय?"

"मग लिवलंय कशाला?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. निळ्या रेघेचा नकाशा, वर छोटं विमान काढलेलं; बघणाऱ्याला ते वेळापत्रकच वाटणार. 'ही थेट सेवा असेलच असं नाही' एवढी एक ओळ आकड्याशेजारी ठळक टाकायला काय जातंय यांचं? शेवटी अण्णांनी रेल्वेचंच तिकीट काढलं, पण माझ्यावरचा संशय काही गेला नाही.

पाचपैकी तीन स्टार. अंतरासाठी डोळे झाकून वापरा. वेळेसाठी आधी थेट विमान आहे का ते बघा, मग कंपनीच्या वेळापत्रकातली वेळ धरा, आणि विमानतळावर तास-दीड तास आधी पोचायचं असतं ते वेगळं. मोबाईलवर जाहिरातीखाली नकाशा झाकला जातो, फोन आडवा धरला की दिसतो.