जुनी डिझेल लँड क्रूझर, मोजका पैसा: बरेच महिने चालवल्यानंतर

जुनी घेतलेली गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर परत आली त्याला आता बरेच महिने झाले. रोजची ये-जा, लांबचे हायवे, दगडांच्या वाटा, चिखल, वाळू, सगळ्यातून ती गेली आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. गाडी आहे टोयोटा लँड क्रूझर ८० सीरीज. ४१६४ सीसीचं सहा सिलिंडरचं १एचझेड डिझेल इंजिन, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नाही, हाताचा गिअर, चारही चाकांना कायम ताकद. पैसा मोजका होता, म्हणून प्रत्येक कामाआधी 'हे आत्ताच लागतंय का' असं विचारावं लागलं. या प्रश्नानेच कामांचा क्रम ठरला, आणि माझ्या मते गाडी चांगली झाली ती त्या क्रमामुळे. आधी गंज, सील, बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), बेअरिंग आणि ब्रेक. गाडीची उंची वाढवणं आणि टायर त्यानंतर.

गंजाबद्दल थोडक्यात सांगतो. पुढच्या काचेची चौकट, मागच्या दाराच्या खालची कड, मागच्या चाकांवरची कमान आणि चॅसीचं (गाडीच्या खालच्या सांगाड्याचं) मागचं टोक या जागा छोट्या हातोडीने ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. काचेच्या चौकटीतला गंज पटकन दिसत नाही, रबराखाली लपतो आणि पाणी पायाशी उतरतं. पायाखालचं कार्पेट ओलं लागलं तर खर्चाचा मोठा हिस्सा तिथे जाणार असं धरूनच गाडीचा भाव करावा. चॅसीला वेल्डिंग लागलं ते मी अनुभवी माणसाकडून करून घेतलं, पत्र्याचं बाकीचं काम घरी. आतल्या पोकळ भागांत मेणाचं गंजरोधक मारलं. ते फवारायचं तर सगळा पत्रा पूर्ण कोरडा असला पाहिजे, नाहीतर ओल आतच कोंडली जाते.

आता पुढचा एक्सल. या गाडीवर एकच मोठं काम करायचं असेल तर मी हे सांगेन. ८० सीरीजला पुढेही सलग एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस) आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना वळणाऱ्या गोलाकार हाउसिंगमध्ये सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला ताकद पोचवणारा सांधा) बसतो. या गाड्यांचे लोक त्याला बर्फिल्ड म्हणतात. आतल्या बाजूचं ऑइल सील गेलं की डिफ्रन्शियलचं (एक्सलमधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या संचाचं) ऑइल त्या हाउसिंगमध्ये झिरपतं, ग्रीस पातळ होतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळा राडा ओघळायला लागतो. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंना हेच होतं. हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) उघडायला ५४ मिमीचा सॉकेट लागतो. तो विकतच घ्या. छिन्नी-हातोडीने नट फिरवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, त्या नटांची अवस्था बघवत नाही.

उघडल्यावर सगळं डिझेलने धुतलं, सील नवीन, चाकांची टेपर बेअरिंग नवीन, आणि स्टिअरिंग ज्यांवर फिरतं ती वर-खालची बेअरिंगसुद्धा नवीन, दोन्ही बाजू मिळून चार. जुन्या बेअरिंगच्या वाट्यांमध्ये रोलरचे खड्डे उमटले होते. चाक सरळ असताना रोलर त्या खड्ड्यांत बसतात आणि एका ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. बरेच जण त्यावर जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉकअप) लावतात. त्याने थरथर दबते, दुखणं तसंच राहतं. नवीन बेअरिंग बसवताना त्यांचा ताण स्प्रिंगकाट्याने मोजून शिम (पातळ चकत्या) बदलून जुळवला. हे काम सावकाशीने करायचं आहे. ताण कमी राहिला तर थरथर परत येते, जास्त झाला तर स्टिअरिंग जड होतं. बर्फिल्डमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडचंच ग्रीस भरलं.

पूर्ण वळवून ताकद दिली की बर्फिल्ड कटकट वाजत होते. नवीन जोडी बजेटमध्ये बसत नव्हती, म्हणून डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. पुढे जाताना गोळ्या खोबणीच्या एकाच बाजूला जोर देतात, ती बाजू झिजते. अदलाबदल केली की न झिजलेली बाजू कामाला येते. आवाज गेला, आणि इतक्या महिन्यांनंतर अजून परतलेला नाही. मूळ टोयोटाचे बर्फिल्ड असतील तर स्वस्तातले नवीन घेण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

इंजिनाबद्दल चांगलंच बोलायचं आहे. १एचझेड ताकदीला बेताचं आहे, पण आपलं काम करताना कसलीही तक्रार करत नाही. घेतल्या घेतल्या टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) बदलला. दर १,००,००० किमीला डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो, पण जुन्या गाडीत तो दिवा कुणी कधी बंद केला आणि बेल्ट खरंच बदलला का, हे कळायला मार्ग नसतो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून इथे विचार करण्यासारखं काही नाही. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (फट) तपासलं. थंड इंजिनात इनटेकला ०.२ मिमी आणि एक्झॉस्टला ०.४ मिमीच्या आसपास लागतं, आणि शिम बदलून ते जुळवतात. डिझेल फवारणारे नोझल टेस्ट बेंचवर तपासून नवीन टिप (टोकं) बसवल्या. सकाळचा धूर आणि ठकठक दोन्ही लगेच कमी झाले. इंजिनाच्या कामांत खर्चाच्या मानाने सर्वात जास्त फरक मला इथे जाणवला.

थंडाव्याकडे लोक फार कमी बघतात. रेडिएटर बाहेर काढून दोन पत्र्यांमधली माती धुतली, होज आणि थर्मोस्टॅट बदलले. पंख्याच्या व्हिस्कस कपलिंगमधलं (पंख्याला इंजिनाशी जोडणाऱ्या भागातलं) सिलिकॉन ऑइल वर्षांनी कमी होतं, पंखा ढिला फिरतो आणि लांब चढावर तापमानाचा काटा वर सरकतो. कपलिंग उघडून नवीन सिलिकॉन ऑइल भरता येतं, नवीन कपलिंग घ्यावं लागत नाही. आता भर उन्हात, भरलेल्या गाडीने, लो रेंजमध्ये (जास्त ताकदीच्या, संथ गिअरमध्ये) चढलो तरी काटा जागेवर असतो.

मग उंची. ५० मिमी वाढवणाऱ्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप घेतले, त्याहून जास्त नाही. ५० मिमीलाही तीन गोष्टी बिघडतात आणि स्प्रिंग विकणारे त्या क्वचित सांगतात. पहिली, पुढचा एक्सल रेडियस आर्मवर (त्याला चॅसीशी जोडणाऱ्या लांब दांड्यांवर) किंचित फिरतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मधे येत नाही. त्यासाठी छिद्र मध्यावरून सरकवलेले बुश मिळतात, तेही रबराचे घ्यावेत. पॉलियुरेथेनचे टिकतात खरे, पण रेडियस आर्मच्या रचनेत ते एक्सलला मोकळं वाकू देत नाहीत आणि खडकाळ वाटेवर चाक लवकर उचललं जातं. दुसरी, पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) आता जास्त तिरका होतो, त्यामुळे बॉडी आणि एक्सल एकमेकांपासून बाजूला सरकतात. लांबी बदलता येणारा रॉड लावून ते बरोबर करता येतं. तिसरी सर्वात महत्त्वाची. मागच्या एक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह भार ओळखून मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवतो. गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मग तो मागचं प्रेशर कमी करतो. ब्रेक दाबला की नाक खाली जातं, पुढचे पॅड भराभर संपतात. त्याचं ब्रॅकेट उंचीइतकंच वर घेतलं की गाडी पुन्हा चारही चाकांवर नीट थांबते. ब्रेकचे रबरी होज लांब केले, हे वेगळं सांगायला नको.

टायर २७५/७० आर१६ वरून २८५/७५ आर१६ वर गेलो. घेर जवळजवळ ५ टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ ने पळत असते, आणि किलोमीटरही तितकेच कमी मोजले जातात. मायलेज काढताना हे धरलं नाही तर नवीन टायर आहेत त्यापेक्षा खादाड वाटतात. हिशोब नीट केला तर मला लिटरला ७ ते ८ किमी मिळतात. पाचव्या गिअरला चढावर मात्र फरक स्पष्ट कळतो, चौथ्यात यावंच लागतं. हाच तोटा मला खटकतो, पण चिखलात आणि दगडांवर हे टायर जे देतात त्यासाठी मी तो पत्करला आहे.

टर्बो लावला नाही. इच्छा खूप होती, सगळे तेच सुचवतात. १एचझेड हे प्रीचेंबरचं (डिझेल आधी छोट्या वेगळ्या कप्प्यात पेटणारं) इंजिन आहे, कॉम्प्रेशन २२.४ ला १, आणि ते टर्बोसाठी बनवलेलं नाही. माफक बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब), डिझेल पंपाचं नीट ट्यूनिंग, टर्बोच्या आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर आणि पाय आवरणारा चालक हे चारही असतील तर ते वर्षानुवर्षं चालतं. यातलं काही सुटलं तर उष्णतेने हेडला तडे जातात. मोजक्या पैशात चारही गोष्टी चांगल्या प्रतीच्या होत नव्हत्या. नुसता पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचा सल्लाही मिळाला. हवा तितकीच आणि डिझेल जास्त म्हणजे काळा धूर आणि तापमान, ताकद नावापुरती.

दोन स्वस्त कामांबद्दल मनापासून सांगतो. हेडलाइटचा करंट मूळ वायरिंगमध्ये स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. जाड वायर आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावून बॅटरीतून थेट दिला की त्याच बल्बचा उजेड ओळखू येत नाही इतका वाढतो. या गाडीच्या काही रूपांत हेडलाइट अर्थच्या (बॅटरीच्या ऋण टोकाच्या) बाजूने चालू-बंद होतात, रिले जोडण्याआधी मीटरने तपासा. दुसरं काम डिफ्रन्शियलच्या ब्रीदरचं (हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छोट्या नळीचं). गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, ब्रीदर तुंबलेला असेल तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं. ब्रीदरला होज जोडून तो इंजिनच्या खोलीत उंचावर नेला. स्नॉर्कल (इंजिनाची हवा छतापासून घेणारी नळी) लावण्याआधी हे करावं, कारण स्नॉर्कलमुळे माणूस खोल पाण्यात जायला धजावतो. पाण्यातून आल्यावर मी अजूनही डिफ्रन्शियलचा प्लग उघडून ऑइल बघतो. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं. अजून तरी स्वच्छच निघालंय.

बाकी आहे ते असं: मागच्या उजव्या हबचं सील ओलसर दिसू लागलंय, हीटरच्या जुन्या होज बदलायच्या आहेत, आणि हायवेला छताच्या कॅरिअरचा आवाज येतो म्हणून तो प्रवास नसेल तेव्हा उतरवून ठेवतो. पुढचे पैसे सीलला.