गच्चीवरचा सोलर आणि सोलापूरचे पाणी

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटचा वीजनिर्मिती संच आणि २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर हीटर, असे दोन्ही एकाच स्थानिक पुरवठादाराकडून बसवून घेतले आहेत. दोन्हींच्या कामावर मी समाधानी आहे. आपल्याकडे ऊन मुबलक आहे. अडचण येते ती पाण्याची, आणि विक्रेते नेमके त्याविषयीच बोलत नाहीत.

आधी विजेविषयी. १ किलोवॅट क्षमतेमागे दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते, हा सर्वसाधारण हिशेब आमच्या गच्चीवरही जुळतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे. त्यासाठी पॅनेल भारतीय बनावटीचेच असावे लागतात. नेट मीटर बसल्यावर महावितरणच्या बिलात घेतलेले आणि दिलेले युनिट वेगवेगळे दिसतात व उरलेले युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्यामुळे बिल शून्यावर येईल या आश्वासनावर विसंबू नये. एप्रिल-मेच्या कडक उन्हात वीज सर्वाधिक तयार होत असेल, हा समजही खरा नाही. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर जाऊ लागले की प्रत्येक अंशामागे क्षमता साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते, आणि आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी पॅनेल ६० अंशांच्या पुढे सहज तापते. म्हणूनच पॅनेलखालून वारा खेळेल इतका उंच सांगाडा करून घेणे मला महत्त्वाचे वाटते. बॅटरी नसलेला असा संच वीज गेली की आपोआप बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे, पण आमच्या पुरवठादाराने ही गोष्ट आधी सांगितली नव्हती, ती सांगायला हवी होती.

हीटरविषयी अधिक सविस्तर लिहायला हवे. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे बहुतेक घरांत वापरासाठी बोअरचे पाणी वरच्या टाकीत चढवले जाते आणि हीटरलाही तेच जाते. हे पाणी तापले की त्यातील क्षार खाली बसतात. नळी काढून बादलीत उपडी केली, तेव्हा तळाशी साचलेला पांढरा, खरबरीत चुरा मूठभर निघाला. सपाट तांब्याच्या पत्र्याच्या हीटरमध्ये हाच थर अरुंद नळ्या आतून बुजवतो व त्या साफ करणे जिकिरीचे होते. काचेची नळी निदान काढून धुता येते. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी म्हणूनच काचनळ्यांचा हीटर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकीतील मॅग्नेशियमचा दांडा हळूहळू झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. जड पाण्यात तो लवकर संपतो, तेव्हा तो वेळेवर बदलावा.

याहून मोठा धोका टाकी रिकामी राहण्याचा आहे. पाणी संपून नळ्या उन्हात कोरड्या पडल्या की त्या प्रचंड तापतात, आणि अशा वेळी दुपारी मोटर सुरू करून थंड पाणी सोडले तर काच तडकते. त्या दिवशी पाणी रात्री किंवा पहाटेच चढवावे. वरच्या टाकीतून हीटरकडे जाणारा पाइप घरातील इतर नळांच्या जोडापेक्षा खालच्या पातळीवर घेतला, तर टाकीतील शेवटचे पाणी हीटरसाठी राखीव राहते. प्लंबरकडून हे काम आम्ही नंतर करून घेतले, ते मुळातच तसे व्हायला हवे होते.

पॅनेल धुतानाही हाच विचार करावा लागतो. धूळ भरपूर बसते, पण बोअरच्या पाण्याने धुऊन तसेच वाळू दिले तर काचेवर पांढरे डाग धरतात आणि ते पुढे सहजी निघत नाहीत. आम्ही नळाचे पाणी राखून ठेवतो, सकाळी काच थंड असताना मऊ फडक्याने पुसतो आणि लगेच रबरी पट्टीने पाणी ओढून घेतो.

पुरवठादाराची कागदपत्रांची कामे चोख होती आणि जोडणीही सुबक आहे. विक्रीनंतरची सेवा मात्र वारंवार फोन केल्यावरच मिळाली. तरीही त्यांच्याकडून संच घ्यायला माझी हरकत नाही. फक्त वर्षातून एकदा नळ्यांची सफाई व दांड्याची तपासणी करून देण्याचे कलम, शुल्कासहित, आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच कोटेशनमध्ये लिहून घ्यावे.